जर्मनीला मुले पाठवण्याआधी मोझांबिकचा हिशेब बघा

प्रति,
मा. मंत्री व संबंधित अधिकारी,
शालेय शिक्षण विभाग आणि कौशल्य विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: जर्मनीला कुशल मनुष्यबळ पाठवण्याची योजना.

महोदय,

मी कोल्हापुरात जर्मन शिकवते. सव्वीस वर्षे झाली. पूर्वी माझ्याकडे हौसेने येणारी दोन-चार कॉलेजची मुले असत आणि कधीतरी शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतले साहेब. त्यांच्याकडे जर्मन मशीन आलेले असे आणि त्याचे मॅन्युअल कुणालाच वाचता येत नसे. गेल्या दोन वर्षांत वर्गाचे रूप पालटले. आता पहिल्या बाकावर आयटीआय झालेला वेल्डर बसतो, त्याच्या मागे गडहिंग्लजकडची एक नर्स, आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, एक ट्रक ड्रायव्हर. हा गडी डेर-डी-दासवरून, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगांवरून, माझ्याशी रोज भांडतो. ‘मॅडम, टेबल पुरुष कसं काय?’ मराठीत टेबल नपुंसक आणि खुर्ची बाई कशी, असे उलट विचारले की गप्प बसतो, पण पटलेले नसते.

माझा वर्ग आपल्या योजनेतला नाही, खासगी आहे. तरी ही मुले वर्गात आली ती आपल्याच योजनेच्या बातमीमुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे ठरले. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि आपली मुंबई या १९६८पासून भगिनी-नगरे आहेत, त्यामुळे नाते नवे नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली. दार उघडले आहे, आणि ते उघडल्याचा मला आनंद आहे. सव्वीस वर्षे मी जी भाषा शिकवली तिला आता कुठे बाजारभाव आला. हे पत्र योजनेच्या विरोधात आहे असे कृपया समजू नये.

पत्र लिहायचे कारण एक माहितीपट आहे.

बी-वनची, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीची, परीक्षा जवळ आली की मी मुलांना जर्मन बातम्या, मुलाखती, माहितीपट ऐकवते. पुस्तकातल्या सीडीवरचे लोक दवाखान्यात बोलल्यासारखे सावकाश बोलतात. खरे जर्मन तसे बोलत नाहीत. एका शनिवारी आफ्रिकेतल्या मोझांबिकहून पूर्व जर्मनीत, म्हणजे १९९०पर्यंत वेगळ्या असलेल्या कम्युनिस्ट जर्मनीत, शिकायला गेलेल्या एका तरुणावरचा माहितीपट लावला. माझा हेतू साधा होता. बोलणारा स्वतः परका आहे, तरी त्याची जर्मन किती सफाईदार आहे, हे मुलांनी ऐकावे आणि त्यांचा धीर वाढावा. आता साठीकडे झुकलेला तो गृहस्थ मोझांबिकची राजधानी मापुतोच्या एका बागेत बसून बोलतो. बोलण्यात पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताचा अस्सल हेल, आपल्याकडे कुणी कोल्हापुरीत बोलावे तसा. डोळे मिटून ऐकले तर ड्रेस्डेनचा कुणी निवृत्त फिटर बोलतोय असे वाटावे.

पहिली दहा मिनिटे मुले व्याकरण ऐकत होती. नंतर कुणी व्याकरण ऐकत नव्हते.

ही हकीकत आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, बहुतेकांना नसेल. मलाही जर्मन शिकताना कुणी सांगितली नव्हती. मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला. पोर्तुगीज फोरमन, मेकॅनिक, डॉक्टर, कारकून बहुतेक सगळे निघून गेले. मागे राहिलेल्या दहांतल्या नऊ जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. कारखाने होते, चालवणारे हात नव्हते. दोन वर्षांत यादवी युद्धही पेटले. अशा वेळी २४ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल आणि पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिक होनेकर यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच दिवशी कामगार पाठवण्याचाही करार झाला. मोझांबिकचे तरुण चार-चार वर्षांसाठी पूर्व जर्मनीत जातील, कारखान्यांत काम करता करता कसब शिकतील आणि परत येऊन आपल्या देशाचा उद्योग उभा करतील, असे त्यात होते. कोण म्हणेल वाईट आहे? आपल्या करारातले शब्दही थोड्याफार फरकाने असेच असणार.

१९९० पर्यंत सुमारे वीस हजार मोझांबिकी तरुण तिकडे गेले. कापडगिरण्यांत, खाटीकखान्यांत, टायरच्या कारखान्यांत, लाउझिट्झच्या तपकिरी कोळशाच्या खाणींत. कुणाला कुठे टाकायचे हे मुलांनी ठरवायचे नव्हते. मेकॅनिक व्हायचे म्हणून विमानात बसलेला पोरगा तीन पाळ्यांतल्या मागावर उभा राहायचा. जर्मन कामगारांना जी पाळी, जी जागा नकोशी असे, ती बऱ्याचदा यांच्या वाट्याला येई. काहींना खरोखर शिकायला मिळाले, प्रमाणपत्रेही मिळाली. पुष्कळांनी चार वर्षे एकच हालचाल केली.

राहायला वसतिगृह. माणशी पाच चौरस मीटर जागा, एका खोलीत चौघांपर्यंत. मुलींची इमारत वेगळी, पाहुणे कधी यायचे आणि कधी जायचे याची नोंद दारावर. मुलगी गरोदर राहिली तर दोनच मार्ग होते. गर्भपात करायचा, नाहीतर पहिल्या विमानाने परत. हा नियम १९८९मध्ये सैल झाला, म्हणजे सगळा खेळ संपत आल्यावर. हे ऐकून माझ्या वर्गातली नर्स म्हणाली, ‘मॅडम, आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हे कुठल्या पानावर असतं?’ मी म्हटले, आजच्या जर्मनीत असे काही नाही, बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते. तिने मान डोलावली. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता, कारण त्या मुलींनीही पान कधी पाहिले नव्हते.

आता पैशांकडे येते. सगळ्यांत मागे बसणारा तो ड्रायव्हर इथे सरसावून बसला.

मोझांबिकी मुलांना पगार जर्मन कामगारांच्या दराने मिळे, पण सगळा हातात पडत नसे. ठराविक रकमेच्या वरच्या पगारातला काही भाग कापून ठेवला जाई. आरंभी पाव हिस्सा, पुढे साठ टक्क्यांपर्यंत. सांगितलेले असे की हे पैसे तुमच्या नावावर घरी जातात, परत गेलात की आपल्या देशाच्या चलनात मिळतील. पोरांना ते पटण्यासारखेच होते. आई-बापांना बचतीचेच कौतुक असते. प्रत्यक्षात तो पैसा मापुतोला पोचलाच नाही. मोझांबिक पूर्व जर्मनीकडून ट्रक, यंत्रे, माल उधारीवर घेत होता आणि ती उधारी फेडायला त्याच्याकडे परकीय चलन नव्हते. मुलांच्या पगारातून कापलेली रक्कम दोन्ही सरकारांनी त्या कर्जाच्या खात्यात वळती केली. पोरे मागावर उभी होती आणि त्यांचा देश हप्ते फेडत होता.

त्या ड्रायव्हरचे आई-वडील बीडकडचे. ऊसतोडीला दरवर्षी कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर यायचे. हा कोपीतच वाढला, पुढे इथेच स्टिअरिंग हाती घेतले. त्याला कर्ज, परकीय चलन, द्विपक्षीय समायोजन वगैरे काही समजावून सांगावे लागले नाही. तो एवढेच म्हणाला, ‘म्हणजे उचल देशानं घेतली होती.’

मी सव्वीस वर्षे जर्मन वाचते आहे, या विषयावरचे जर्मन लेखही वाचलेत. इतक्या थोड्या शब्दांत हे मांडलेले मला कुठे सापडले नव्हते. आपल्याकडे मुकादम उचल निदान कोयत्याच्या हातात देतो. ती फिटत नाही ही गोष्ट वेगळी, पण घेतली कुणी हे घेणाऱ्याला ठाऊक असते. मोझांबिकच्या पोरांना आपण कुणाची उचल फेडतोय हेच माहीत नव्हते.

सगळे दुःखाचेच होते असे दाखवले तर ते खोटे ठरेल. माहितीपटातला तो गृहस्थ हसतोही. पहिला बर्फ, फुटबॉल, शनिवारचे नाचगाणे, एका जर्मन मुलीवरचे प्रेम. त्या पिढीतले कितीतरी जण आजही पूर्व जर्मनीला आपल्या आयुष्यातला सुखाचा काळ म्हणतात. घरी युद्ध चालू होते, तिकडे पोटभर जेवण होते आणि रात्री झोप लागत होती. आपल्या मुलांनाही तिकडे सुख मिळेल, मिळावे. माणूस सुखात असतानाही त्याला हिशेबात फसवले जाऊ शकते, एवढेच यातून ध्यानात घ्यायचे.

विद्यार्थ्यांचेच म्हणाल तर श्टासफुर्ट नावाच्या गावी १९८२ साली ‘मैत्रीची शाळा’ उघडली. मोझांबिकची नऊशे मुले-मुली, बहुतेक बारा-तेरा वर्षांची, तिथे राहून शिकू लागली. आधी शाळा, मग एखादा धंदा. इकडे त्याच १९८२ साली गिरणगावात संप सुरू झाला होता, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहते. माझे मामा तेव्हा लालबागला होते. शाळेतल्या एका विद्यार्थ्याचा १९८७मध्ये गावातल्या तरुणांच्या हल्ल्यात जीव गेला. १९८८ साली उरलेल्या मुलांना शिक्षण पुरे झाले म्हणून परत पाठवले. घरी युद्ध चालूच होते. जर्मन शिकलेल्या, यंत्रे हाताळायला शिकलेल्या त्या मुलांपैकी कितीतरी थेट सैन्यात भरती झाली, म्हणजे केली गेली.

मग ९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत पडली. पूर्व जर्मनीचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले आणि सगळ्यांत आधी परदेशी कामगार नकोसे झाले. त्या वेळी तिथे सुमारे पंधरा हजार मोझांबिकी होते. १९९०मध्ये नियम झाला की मुदतीआधी काढलेल्या परदेशी कामगाराला तीन महिने सत्तर टक्के पगार, तीन हजार मार्क भरपाई आणि परतीचे तिकीट द्यायचे. कागदावर छान. पण नियम ज्यांच्यासाठी होता त्यांतल्या अनेकांना तो कुणी समजेल अशा भाषेत सांगितलाच नाही. घाईघाईने कागदांवर सह्या घेतल्या आणि विमानात बसवले. जे मागे राहिले त्यांचे हाल निराळे. सप्टेंबर १९९१मध्ये होयर्सवेर्डा या खाणगावात कंत्राटी कामगारांच्या वसतिगृहावर दिवसचे दिवस दगड आणि पेटत्या बाटल्या पडत होत्या. शेजारपाजारचे लोक रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटी पोलिसांनी बस आणून राहणाऱ्यांना तिथून हलवले. गाव राहिले, माणसे गेली.

मापुतोला उतरताना पोरांनी लाकडी खोक्यांतून मोपेड, फ्रीज, शिवणयंत्रे आणली होती. कापलेला पगार मात्र आला नाही. ज्या कारखान्यांत काम करायला शिकून आले ते कारखाने देशात नव्हते. लोकांनी त्यांना नाव ठेवले ‘मादजेर्मानेस’, ‘मेड इन जर्मनी’ या शिक्क्यावरून. पुढे त्यांनी संघटना केली. मापुतोच्या मध्यावरच्या एका बागेत ते जमू लागले, दर बुधवारी मोर्चा काढू लागले, हातात जर्मन झेंडा घेऊन. २००४ साली त्यांनी जर्मन दूतावासात घुसून ठाण मांडले होते. मोझांबिक सरकारने मध्यंतरी काही रकमा वाटल्या आणि विषय संपला म्हटले. जर्मनी म्हणते, आम्ही मोझांबिकशी हिशेब केव्हाच मिटवला. मोर्चे मात्र दशकानुदशके चालू राहिले. जर्मन संसदेने पूर्वीच्या राजवटीतल्या पीडितांसाठी नेमलेल्या आयुक्त एव्हेलिन त्सुप्के यांनी या माणसांना भरपाई द्यावी असा आग्रह धरला आहे. दरम्यान पोरे म्हातारी झाली. काही गेली.

हे सगळे मी आपल्याला का सांगते आहे? आजची जर्मनी म्हणजे होनेकरची जर्मनी नव्हे, हे मला पक्के माहीत आहे. तिथे आज कामगार न्यायालये आहेत, संघटना आहेत, किमान वेतन आहे, आणि पगार कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतो. कुणी आपल्या मुलांना पाच चौरस मीटरमध्ये कोंडणार नाही. तुलना तंतोतंत लागत नाही. लागते ती एकाच जागी. तेव्हाही करार दोन सरकारांचा होता, आणि ज्यांच्या आयुष्याचा करार होता त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचायला मिळाला नाही.

म्हणून काही मागते. कुठल्याही योजनेतून जर्मनीला निघालेल्या मुलाच्या हाती, पासपोर्टच्याही आधी, त्याच्या कराराचा संपूर्ण मराठी तर्जुमा पडावा. सारांश नको, रंगीत पुस्तिका नको. त्यात पहिल्याच पानावर एक गोष्ट स्पष्ट असावी: तू कामगार म्हणून चालला आहेस की शिकाऊ म्हणून? हा फरक शब्दांचा नाही. २०२५मध्ये जर्मनीत कामगाराला ताशी किमान १२ युरो ८२ सेंट होते. ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे तीनेक वर्षांची शिकाऊ उमेदवारी करणाऱ्याला त्याच साली पहिल्या वर्षाला कायद्याने किमान महिना ६८२ युरो होते. पुष्कळ कंपन्या याहून जास्त देतात हे खरे. पण माझ्या वर्गातल्या वेल्डरने घरी सांगितलेला आकडा पहिल्या हिशेबाचा आहे आणि त्याला आलेले पत्र दुसऱ्या हिशेबाचे. त्याच्या वडिलांनी त्या आकड्यावर कर्जाची बोलणी सुरू केली होती. मी पत्र वाचून दाखवले तेव्हा बाप-लेक दोघेही बराच वेळ बोलले नाहीत.

नर्सचेही तसेच. आपली पदवी तिकडे मान्य होईपर्यंत ती ‘नर्स’ नसते, मदतनीस असते, आणि पगारही मदतनिसाचा असतो. मान्यतेसाठी परीक्षा किंवा जुळवून घेण्याचा अभ्यासक्रम असतो आणि भाषा साधारण बी-टू लागते. बी-वनवर विमानात बसवले तर उरलेली भाषा रात्रपाळी करून शिकायची. ड्रायव्हरला कुणी सांगितले नव्हते की भारतीय परवाना तिकडे फक्त सहा महिने चालतो, मग लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा नव्याने, आणि ट्रकसाठी व्यावसायिक पात्रता वेगळी. वीस वर्षे पुणे-बंगळूर रस्त्यावर घाट उतरलेल्या माणसाला पुन्हा ‘एल’ लावायचा! तो हसला, पण कसा हसला ते मी पाहिले.

आखाती देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी केंद्राची ईमिग्रेट नोंदणी आणि प्रवासी संरक्षक निदान कागदावर तरी आहेत. जर्मनी त्या यादीत नाही, कारण तो ‘सुरक्षित’ देश. मग तिथे आपल्या मुलाने फोन कुणाला करायचा? जर्मन सरकारच्या पैशांवर चालणारी ‘फेअर इंटिग्रेशन’ नावाची मोफत सल्ला केंद्रे सर्व राज्यांत आहेत. त्यांचे पत्ते प्रत्येकाच्या कराराला जोडा. जर्मनीत परदेशी नर्सांच्या भरतीसाठी सरकारी मानचिन्ह आहे, ज्यात भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, उमेदवाराने नाही. आपल्या योजनेतल्या प्रत्येक धंद्याला तोच नियम लावून घ्या. भाषेच्या वर्गाचे, परीक्षेचे, कागदपत्रांच्या भाषांतराचे पैसे कोण देणार आणि मूल मधेच परतले तर ते त्याच्याकडून वसूल होणार का, हे आजच लिहून ठेवा. मालक बुडाला तर? कारखाना बंद पडला तर? बाडेन-व्युर्टेम्बर्ग मोटारींचे राज्य आहे, आणि मोटारींचा धंदा सध्या कुठे चालला आहे ते आपण वर्तमानपत्रात वाचतोच.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. परत येणाऱ्यांचे काय? मोझांबिकने वीस हजार माणसे शिकायला पाठवली आणि ती परत आल्यावर त्यांच्यासाठी एक टेबलसुद्धा मांडून ठेवले नाही. आपली काही मुले तिकडेच राहतील, त्यांचे भले होवो. काही तीन-चार वर्षांनी येतील, कुणाची आई आजारी म्हणून, कुणाला थंडी सोसली नाही म्हणून. जर्मन पद्धतीने काम शिकलेला तो इलेक्ट्रिशियन चाकणला किंवा शिरोलीला नोकरी मागायला गेला तर त्याच्या जर्मन प्रमाणपत्राची किंमत काय, हे आपल्या आयटीआयने आज ठरवलेले बरे.

माहितीपट संपला तेव्हा साडेसहा वाजले होते. एरवी मुले लगेच उठतात, त्या दिवशी कुणी उठले नाही. मी नेहमीप्रमाणे विचारले, कुठला शब्द अडला का? ड्रायव्हर म्हणाला, शब्द नाही अडला, एक प्रश्न आहे.

‘मॅडम, आपल्या वेळी उचल कुणी घेतलेली नाही ना?’

मी ‘नाही’ म्हणाले. माझी तशी खात्री आहे. पण माझ्या शब्दाला सही-शिक्का नाही. तेव्हा हे उत्तर आपण मराठीत, लेखी, एका कागदावर द्यावे ही विनंती. वर्गात फळ्याशेजारी तो लावायला जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
जर्मन भाषेची एक शिक्षिका,
कोल्हापूर